घराबाहेरचं स्वयंपाकघर: पाणी साचणाऱ्या जमिनीची तयारी कशी करावी?

अंगणवेडी | शनिवार, रात्री ९:१२

मागच्या दाराबाहेर उघडं स्वयंपाकघर बांधायचं ठरवलं आहे. ओटा, शेगडी, एक सिंक आणि कोपऱ्यात विटांची छोटी भट्टी. जागा ४ मीटर बाय ३ मीटर. ओट्याची उंचीसुद्धा ठरली, पण गाडं अडलंय जमिनीपाशी. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी तिथे पाय रुततो. माती काळपट आणि चिकट आहे, उन्हात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात.

गवंडीकाका म्हणतात, "फूटभर खणू, खडी भरू, वर कोबा करू. पाणी खडीत मुरेल." त्यांचं काम मी पाहिलंय, माणूस कसबी आहे. तरी एक प्रश्न डोक्यातून जात नाही: खडीत मुरलेलं पाणी तिथून पुढे कुठे जाणार? एकदा ओटा बांधला की खालची जमीन पुन्हा उघडता येणार नाही, म्हणून आत्ताच विचारते. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

पन्हळ | शनिवार, रात्री ९:४०

खडी भरणं बरोबरच आहे. आमच्याकडे अगदी असंच केलं, आठ वर्षं झाली, कोब्याला एक भेग नाही. खडी फक्त धुतलेली घ्या.

मातीमाणूस | शनिवार, रात्री १०:२५

पन्हळ, तुमची जमीन कशी आहे? मुरमाड असेल तर खड्ड्यातलं पाणी तळातून निघून जातं आणि गवंडीकाकांचा उपाय चालतो. अंगणवेडींनी वर्णन केलेली माती मात्र निराळी आहे. तिच्यात खणलेला खड्डा म्हणजे हौद. तळ झिरपत नाही, बाजू झिरपत नाहीत.

हिशेब करून बघा. ४ × ३ मीटर आणि ३० सेंमी खोल म्हणजे ३.६ घनमीटर. धुतलेल्या खडीत साधारण ४० टक्के पोकळी असते, म्हणजे जवळजवळ १,४०० लिटर पाणी मावलं. आजूबाजूच्या अंगणाचं पाणी सगळ्यात सैल जागा शोधत तिथेच येणार. ते कोब्याखाली आठवडेच्या आठवडे उभं राहील आणि भोवतालची चिकणमाती ते पिऊन फुगत राहील.

खडी पाण्याला थांबायला जागा देते, घालवत नाही. घालवायला वाट लागते. तुमचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे, तो सोडू नका.

पन्हळ | शनिवार, रात्री १०:५१

आमची जमीन मुरमाडच आहे. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. अंगणवेडी, माझा वरचा प्रतिसाद तुमच्या जागेला लावू नका.

जास्वंद | रविवार, सकाळी ७:३०

आधी माती तपासा, मग बाकीचं. दोन सोप्या परीक्षा घरच्या घरी होतात.

एक, ओली माती मळून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी काढा. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर चिकणमाती कमी. पाच सेंटिमीटरच्या पुढेही लोंबत राहिली तर भरपूर.

दुसरी बरणीची. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. थर मोजले की प्रमाण कळतं. माझ्या मुलीने शाळेच्या सुट्टीत अंगणाच्या सहा कोपऱ्यांतल्या सहा बरण्या खिडकीत मांडल्या होत्या. एकाच अंगणात सहा तऱ्हा निघाल्या! त्यामुळे एका जागेची माती घेऊन निकाल लावू नका.

ओळंबा | रविवार, सकाळी ८:०५

स्थापत्य अभियंता आहे, बरीच वर्षं पाया आणि निचरा याच कामात गेली. जास्वंद यांच्या परीक्षांना जोड म्हणून झिरपण्याची चाचणी करा, कारण शेवटी उत्तर आकड्यात हवं.

३० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल खड्डा घ्या. कुदळीने बाजू गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडा, नाहीतर मातीचा लेप पाणी अडवतो आणि चाचणी खोटी पडते. खड्डा पाण्याने भरा आणि रात्रभर राहू द्या. ही पहिली भरणी मोजायची नसते, कोरडी माती सुरुवातीला कितीही पाणी पिते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, काठावर आडवी काठी ठेवा आणि तासातासाला पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजा. तासाला अडीच ते साडेसात सेंमी उतरलं तर निचरा चांगला. सेंटिमीटरभरच उतरलं तर जमिनीत मुरवण्याच्या भरवशावर काहीही बांधू नका.

खणण्याआधी त्या जागेखालून पाण्याची, गॅसची किंवा विजेची लाइन जात नाही ना, हे नक्की करून घ्या.

शांत_कासव | रविवार, सकाळी ८:२०

ओळंबा आहेत, म्हणजे आता धागा सरळच जाणार :)

निखारा | रविवार, दुपारी १२:४४

"फ्रेंच ड्रेन" हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. फ्रान्समधली पद्धत आहे का ही? इथे लागू पडेल का?

मातीमाणूस | रविवार, दुपारी १:१०

फ्रान्सचा संबंध नाही. हेन्री फ्रेंच नावाचे अमेरिकेतले गृहस्थ होते, त्यांनी शेतातल्या निचऱ्यावर १८५९ साली पुस्तक लिहिलं, त्यांचं आडनाव चिकटलं. पद्धत अगदी साधी: उताराने खणलेला चर, त्यात खडी आणि तळाशी भोकांचा पाइप.

इथे लागू पडते, पण चराचं दुसरं टोक उघड्यावर निघत असेल तरच. नाहीतर पुन्हा हौदच, फक्त लांबट.

ओळंबा | रविवार, दुपारी २:३०

मातीमाणूस यांच्याशी सहमत. चर करणार असाल तर लोक ज्या चुका करतात त्या सांगून ठेवतो. पाइपची भोकं खाली ठेवायची, वर नाही. चरात पाणी तळापासून चढतं, त्यामुळे खाली भोकं असली की ते लवकर पाइपात शिरतं. पाइप १० सेंमी व्यासाचा, उतार १०० ला १, भोवती २० ते ४० मिमीची धुतलेली खडी. आणि सगळ्या खडीभोवती जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, पण मातीचे कण अडवणारं) गुंडाळायचं. ते नसेल तर चिकणमातीचे कण खडीत शिरून काही वर्षांत चर बुजतो. पाइप टाकल्यावर चर मिटवण्याआधी वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता आणि खालच्या टोकाला किती वेळात येतं ते डोळ्यांनी बघा.

उंबरठा | रविवार, संध्याकाळी ६:१५

सगळे पाणी घालवायच्या गोष्टी करताहेत. ते येतंय कुठून, हे कुणी विचारलंच नाही. अंगणवेडी, छपराचं पाणी कुठे पडतं?

१ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. ५० चौरस मीटर छप्पर आणि २० मिमीची एक सर धरली तर १,००० लिटर पाणी एका पाइपातून एका जागी ओतलं जातं. आमच्या अंगणाच्या चिखलाला तीन वर्षं आम्ही मातीला दोष देत होतो. छपराचा पाइप लांब नेला आणि पुढच्या पावसात तिथे गवत उगवलं.

अंगणवेडी | रविवार, रात्री ९:०२

उंबरठा, तुमचं वाचलं आणि टॉर्च घेऊन बाहेर गेले. मागच्या छपराचा पाइप बरोबर त्या जागेपासून दोन हातांवर संपतो. खाली जमिनीत घमेल्याएवढा खळगा पडलाय. रोज शेजारून जात होते.

मातीची पट्टी काढली, सात सेंटिमीटरला तुटली. बरण्या मांडल्या आहेत. खड्डा भरून ठेवलाय, उद्या मोजते.

गारठा | सोमवार, पहाटे ५:५०

बर्फ पडणाऱ्या भागात राहतो, तिथला अनुभव देतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. त्याहून त्रासदायक म्हणजे गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून पाणी वर ओढत राहतो आणि बर्फाच्या चकत्या जाड होत जातात. माझा पहिला ओटा एका हिवाळ्यात तीन बोटं वर आला आणि बर्फ वितळल्यावर तिरका बसला. दुसऱ्या वेळी पाया जमीन गोठते त्या खोलीच्या खाली नेला, वर भरडी खडी टाकली आणि पाण्याला वाट काढून दिली. तो ओटा अजून सरळ आहे.

तुमच्याकडे जमीन गोठत नसेल, पण फुगणारी चिकणमाती तेच काम पाण्याने करते. दोन्हीकडे खरी खोडी ओलाव्याची.

अंगणवेडी | सोमवार, संध्याकाळी ७:२०

निकाल: पहिल्या तासाला १ सेंमी, दुसऱ्याला १ सेंमीपेक्षाही कमी. संध्याकाळपर्यंत खड्डा जवळजवळ तसाच भरलेला. तीन बरण्यांपैकी दोन अजून गढूळ.

गवंडीकाकांना बोलावून खड्डा दाखवला. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, हे तर भांडं आहे." लेव्हल ट्यूब, म्हणजे पातळी मोजायची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, त्यांनीच आणली. घराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत ११ मीटर आहे, त्यात जमीन २२ सेंमी उतरते. कुंपणाच्या आत, आमच्याच हद्दीत, जुनी उघडी चरी आहे, तिचा तळ तिथल्या जमिनीपेक्षा ५० सेंमी खाली आणि ती पावसात वाहते. ही वाट होऊ शकते का?

ओळंबा | सोमवार, रात्री ८:४५

होऊ शकते, आणि तुमच्यापाशी ती आहे हे मोठंच भाग्य. मांडणी अशी: घराच्या बाजूला चराचा तळ जमिनीखाली ४५ सेंमी धरा. ११ मीटरला १०० ला १ उताराने तो आणखी ११ सेंमी उतरेल, म्हणजे ५६. जमीन स्वतः २२ उतरते, म्हणून कुंपणापाशी तळ जमिनीखाली ३४ सेंमी राहतो. चरीचा तळ ५० ला आहे. पाइपाखाली १६ सेंमी मोकळे मिळतात, चरीत थोडा गाळ साचला तरी तोंड बुडणार नाही. चर स्वयंपाकघराच्या वरच्या अंगाने, जागेला वळसा घालून न्या. वळशाने लांबी वाढेल तेवढा उतार पुन्हा मोजा, मीटरला एक सेंमी.

छपराचा पाइप या भोकांच्या पाइपात अजिबात सोडू नका. नाहीतर छपराचं पाणी आपणच ओट्याखालच्या मातीला पाजू. त्यासाठी त्याच चरात शेजारी वेगळा बंद पाइप टाका.

आता मुख्य मुद्दा. अशा जमिनीत खाली खणून पाया भरण्यापेक्षा वर उचलून भराव करा. वरची २० सेंमी माती काढा, तिच्यात मुळं आणि कुजणारा पाला असतो, तो कुजला की कोबा बसतो. कापड अंथरा. त्यावर मुरूम दोन थरांत, धुम्मस केल्यावर (ठोकून घट्ट दाबल्यावर) एकूण २५ सेंमी भरेल असा. त्यावर १० सेंमी धुतलेली, फोडलेली खडी. म्हणजे खडीचा तळ जमिनीच्या ५ सेंमी वर आला. बाहेरचं पाणी तिच्यात साचूच शकत नाही, आणि भरड खडीतून ओल वरही चढत नाही. गवंडीकाकांची खडी कायम राहिली, फक्त जमिनीखालून जमिनीवर आली.

मुरूम एकदम ओतून वरवर रोलिंग करू नका. मूठभर मुरूम दाबून पाहा: गोळा व्हावा आणि बोटाने दाबल्यावर दोन-तीन तुकडे व्हावेत. हात ओला झाला तर पाणी जास्त, गोळाच झाला नाही तर कमी.

दगडफूल | सोमवार, रात्री ९:३०

ओळंबा यांच्या भरावाला हात जोडून अनुमोदन, पण पूर्ण कोब्याला माझा विरोध आहे. अशी माती थोडीतरी हलणारच. एकसंध कोबा हलला की फुटतो आणि ती भेग आयुष्यभर दिसते. पेव्हर ब्लॉक घाला. एखादा कोपरा बसला तर दहा ब्लॉक उचला, खाली कच (अगदी बारीक खडी) घाला, पुन्हा बसवा. सकाळचं काम दुपारी संपतं.

ओळंबा | सोमवार, रात्री १०:१५

उभं राहायच्या जागेसाठी मान्य. पण विटांची भट्टी ब्लॉकवर? छोटी भट्टीसुद्धा सहज टनभर भरते आणि तो भार दीड-दोन चौरस मीटरवर येतो. ब्लॉक एकेक करून खाली जातील.

लोकांना वाटतं जड कोबा मातीला दाबून धरेल. तसं होत नाही. १० सेंमी जाड काँक्रीटचं वजन चौरस मीटरला २४० किलो. काळी चिकणमाती तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या पाणी पिणाऱ्या खनिजामुळे फुगते तेव्हा चौरस मीटरला कित्येक टनांचा जोर लावू शकते. वजनाने ती ऐकत नाही. तिचा ओलावा बारा महिने सारखा ठेवणं हाच उपाय, म्हणून एवढा निचऱ्याचा आग्रह. भराव कडेपासून अर्धा मीटर बाहेर काढा, बाहेरच्या अंगाला उतार द्या, आणि कडेला लागून रोज पाणी लागणारी झाडं लावू नका.

दगडफूल | सोमवार, रात्री १०:४०

मग दोन्ही करा! ओटा आणि भट्टीखाली काँक्रीट, उभं राहायला ब्लॉक. भट्टीचं काँक्रीट ओट्यापासून वेगळं, मध्ये सांधा. प्रत्येकाला आपापलं हलू द्या.

ओळंबा | सोमवार, रात्री १०:४८

हे माझ्या आराखड्यापेक्षा चांगलं आहे. भट्टीखाली १५ सेंमी जाड, लोखंडी जाळी घालून. ओट्याखाली १० सेंमी पुरे, तिथे अडीच-तीन मीटरवर एक सांधा कापा, जाडीच्या चौथाईएवढा खोल. घराच्या भिंतीशी काँक्रीट चिकटू देऊ नका, मध्ये फोमची पट्टी ठेवा.

पन्हळ | मंगळवार, सकाळी ९:००

एक बारीक गोष्ट, पण आमच्या शेजाऱ्यांच्या फरशीत घडलेली. धुतलेल्या खडीवर थेट वाळू टाकून ब्लॉक बसवले तर वाळू हळूहळू खडीच्या पोकळीत उतरते आणि ब्लॉक डुगडुगतात. खडीवर कापडाचा आणखी एक थर घाला, किंवा वाळूऐवजी ३ ते ६ मिमीची कच वापरा.

मातीमाणूस | मंगळवार, सकाळी ९:२२

पन्हळ, हे सोन्यासारखं सांगितलंत. आणि खडी फोडलेली, कोपरे असलेली घ्या. गोल गोट्यांचा थर कितीही ठोका, एकमेकांत अडकत नाही.

निखारा | मंगळवार, सकाळी ११:३५

जमिनीचं चाललंय तोवर एक धोक्याची गोष्ट. सिलिंडर वापरणार असाल तर तो ठेवायची जागा आणि सांडपाण्याचा चेंबर एकमेकांपासून लांब ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड: प्रोपेन सुमारे दीडपट, ब्यूटेन दुप्पट. गळती झाली तर तो वाहत जाऊन खळग्यात, चेंबरमध्ये, उघड्या चरात साठतो. सिलिंडरचा कप्पा खड्ड्यात नको, आणि त्याला हवेची भोकं अगदी तळाशी हवीत.

सिंकचं पाणी मातीमाणूस यांच्या चरात सोडायचं नाही, हेही लिहून ठेवा. चिकट तेल खडीवर थर धरतं आणि सगळी मेहनत बुजते. आधी तेल अडवणारा छोटा चेंबर, मग घराची सांडपाण्याची लाइन. या पाइपांसाठी आणि विजेच्या नळीसाठी काँक्रीट ओतायच्या आधीच वाट ठेवा. बाहेरच्या ओल्या जागेतल्या प्लगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, यात तडजोड नको.

शांत_कासव | मंगळवार, दुपारी ३:१८

वाचनखूण साठवली. एक शंका: फरशीला उतार दिला तर ओटाही तिरका होणार नाही का? भांडी घसरतील :)

दगडफूल | मंगळवार, दुपारी ४:०२

ओट्याखालचं काँक्रीट आणि फरशी दोन्ही उताराने, ६० ला १, म्हणजे ३ मीटरला ५ सेंमी. घरापासून दूर आणि ओट्याच्या बुडापासून बाहेर. ओट्याच्या विटांचा पहिला थर जाड-पातळ मसाल्यावर लावून पातळीत आणायचा, तिथून वर सगळं सपाट.

अंगणवेडी | बारा दिवसांनी, रविवार, रात्री ८:३०

छपराचा बंद पाइप आणि चर झाले. बादलीची परीक्षा घेतली: वरून ओतलेलं पाणी कुंपणापाशी येताना माझा मुलगा खाली उभा राहून "आलं, आलं!" ओरडला. गवंडीकाकांनी बादली पुन्हा भरून आणली आणि त्यांनीच दुसऱ्यांदा ओतली.

परवा रात्री चांगला पाऊस झाला. सकाळी चरीत पाइपाच्या तोंडातून बारीक धार चालू होती, दुपारपर्यंत थांबली. भरावाच्या जागेची वरची माती काढून ठेवली आहे. तिथे या वेळी पाय रुतला नाही, पण तळ अजून ओलसर वाटतो. मुरूम कधी टाकावा? की मी उगाच थांबते आहे?

मातीमाणूस | रविवार, रात्री ९:०५

थांबताय ते योग्य करताय. ओल्या चिकणमातीवर धुम्मस मारला की ती दबत नाही, गादीसारखी खालीवर होते आणि वरचा मुरूम तिच्यात मिसळतो. टाच दाबून बघा. ठसा उमटला आणि कडा वर आल्या तर आणखी दोन-तीन कोरडे दिवस द्या. भेगा पडेपर्यंत मात्र वाळू देऊ नका, नाहीतर नंतर ओल लागली की तीच माती फुगेल. रात्री पावसाचा रंग दिसला तर ताडपत्री टाका, तिच्या कडा चराच्या पलीकडे नेऊन.

अंगणवेडी | मंगळवार, सकाळी ७:१५

आज टाचेचा ठसा पुसटसा उमटला, कडा वर आल्या नाहीत. मुरमाचा ट्रॅक्टर सांगितलाय, दुपारी येतोय. कापड अंथरून झालं आहे.